उपजत : १९३१ सालच्या वाटणीपत्रात वरून घातलेला एक शब्द

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी घरचा एक मोडी कागद दाखवला होता. वेळ थोडा होता आणि चर्चा लगेच अक्षराच्या वळणावर गेली. राहिलेलं इथं लिहून काढतो.

कागद वाटणीपत्राचा आहे. शके १८५३, म्हणजे इसवी सन १९३१. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, भाताची शेती, पणजोबा आदल्याच वर्षी वारलेले. मुलगे तीन, पण कागदात वाटण्या दोनच. एक थोरल्यांची, म्हणजे माझ्या आज्जांची, आणि दुसरी मधल्या भावाची. तिसऱ्याबद्दल एवढंच लिहिलं आहे की तो जड असल्यामुळं त्याला हिस्सा नाही. दोघा भावांनी त्याला आळीपाळीनं सांभाळावं आणि सालीना दहा मण भात, दोन धोतरजोड्या व एक कांबळं त्याच्यासाठी काढून ठेवावं. यातल्या ‘जड’ शब्दाच्या डोक्यावर काकपदाची खूण करून, बारीक अक्षरात, ‘उपजत’ हा शब्द मागाहून घातलेला आहे. शेवटी सह्यांच्या वर लिहिणाऱ्यानं रिवाजाप्रमाणं कबुली दिली आहे, की नवव्या ओळीत ‘उपजत’ हा शब्द जास्त घातला तो बरोबर आहे. खाली दोघा भावांच्या सह्या, साक्षीदारांच्या सह्या. तिसऱ्याचा अंगठासुद्धा नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, लिहिताना राहिला असेल शब्द. जुन्या कागदांत असं होतंच. खटकलं ते आत्तीशी बोलताना.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. आता नव्वदीच्या जवळ आहे, कान गेलेत, पण आठवण पक्की. तिला हा कागद वाचून दाखवला तर म्हणाली, “उपजत कुठलं रे? चार वर्साचं होतं तवा ताप आला, पंधरा दिवस डोळा उघडला न्हाई. उठलं ते आसं उठलं. त्याच्या आधी चांगलं बोलत होतं, म्हातारी सांगायची की.” म्हातारी म्हणजे माझी पणजी, त्यांची सख्खी आई.

मला स्वतःला ते थोडेसे आठवतात. १९६६ साली ते वारले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आम्ही त्यांना धाकटे आज्जा म्हणायचो. गावात त्यांना ‘खुळं’ म्हणत, आणि ते त्या हाकेला ओ देत. दहाच्या पुढं त्यांना मोजता येत नव्हतं, पण बारा म्हशींतली एक मागं राहिली की त्यांना कळायचं. कोणती राहिली तेही सांगायचे. पंगतीत बसायचे, पण शेवटच्या पंगतीत. झोपायचे गोठ्याला लागून असलेल्या पडवीत. एका पावसाळ्यात मधल्या घराकडं सांभाळायची पाळी होती आणि कांबळं वेळेवर मिळालं नाही, म्हणून आत्तीनं स्वतःची वाकळ नेऊन दिली होती. ‘जुन्या एकत्र कुटुंबात असली माणसं आपोआप सामावली जात’ असं आपल्याकडं सर्रास लिहिलं जातं. सामावली जात, हे खरं. पण कुठल्या जागेवर, तेही लिहायला हवं.

आता त्या शब्दाकडं येतो.

असा माणूस वाटणीतून वगळण्याचा नियम धर्मशास्त्रातला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत हिस्सा न मिळणाऱ्यांची जी यादी आहे तिच्यात उन्मत्त, जड, आंधळा, पांगळा असे सगळे येतात. त्यांना वाटा नाही, पोसायचं मात्र आहे. या स्मृतीवर विज्ञानेश्वरानं मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि मुंबई इलाख्यात इंग्रजांची न्यायालयं हिंदूंचे वारसा-वाटणीचे दावे मुख्यतः तिच्याच आधारानं (काही बाबतींत नीलकंठाच्या व्यवहारमयूखानं) तोडत. मिताक्षरा लिहिली गेली ती सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात. आपल्या सीमाभागातच म्हणा ना. विज्ञानेश्वरानं या यादीतला एकेक शब्द फोडून सांगितला आहे. उन्मत्त वेगळा : वातपित्तादी दोषांनी किंवा ग्रहबाधेनं ज्याचं भान सुटलं तो. जड वेगळा : ज्याचं अंतःकरण अपुरं आहे आणि ज्याला आपलं हित-अहित ठरवता येत नाही तो. मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्व यांतला फरक त्याला नऊशे वर्षांपूर्वी नीट ठाऊक होता, हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे. पोसण्याच्या बाबतीतही तो कडक आहे. अन्नवस्त्र जन्मभर द्यायचं, न देणारा पापी. शिवाय अशा माणसाला निर्दोष मुलगा असेल तर त्या मुलाचा हिस्सा जात नाही. धाकट्या आज्जांचं लग्न कधी केलंच नाही. त्यामागं हेही गणित होतं का, असा संशय माझ्या मनात येतो. कागदावर त्याचा पुरावा नाही.

एवढ्यानं ‘जड’ हा शब्द पुरेसा होता. १९२८ पूर्वी लिहिला असता तर त्यावर काही घालायची गरज पडली नसती. पण १९२८ साली केंद्रीय विधिमंडळानं हिंदू वारसा अपात्रता निवारणाचा कायदा केला. तो त्या वर्षीचा बारावा कायदा, जेमतेम पानभराचा. आजार, व्यंग किंवा शरीरा-मनाचा दोष एवढ्याच कारणावरून कुणाला वारशातून किंवा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळता येणार नाही, असं त्यात म्हटलं. आंधळे आले, बहिरे-मुके आले, पांगळे आले, महारोगी आले. अपवाद एकच ठेवला : जो जन्मापासून वेडा किंवा जड आहे तो. बाकी सगळ्यांना दार उघडलं आणि नेमकं याच माणसाच्या तोंडावर लावलं. लावतानाही अट घातली ती जन्माची.

म्हणजे १९३१ साली नुसतं ‘जड’ लिहून भागत नव्हतं. जड, पण जन्मापासून, असं हवं होतं. ज्यानं ते काकपद टाकलं, मग तो लिहिणारा कारकून असो की त्याला सल्ला देणारा बेळगावचा वकील, त्याला हा कायदा माहीत होता, असं मी धरतो. आणि आत्ती सांगते ते खरं असेल, म्हणजे चौथ्या वर्षी ताप मेंदूत गेला असेल, तर धाकटे आज्जा तिसऱ्या हिश्श्याचे कायदेशीर मालक होते. एका शब्दानं त्यांचं शेत गेलं.

आता थोडं थांबायला हवं. आत्तीची साक्ष ऐकीव आहे, आणि ऐकीव गोष्टीलाही हेतू असतात. घरात जन्मतः मंद मूल आहे हे कळलं की मुलींच्या सोयरिकी अडायच्या. ‘तापात गेलं’ म्हटलं की रक्तावरचा डाग जायचा. त्यामुळं असली तापाची गोष्ट पुष्कळ घरांत सांगितली जाते, काही ठिकाणी खरी, काही ठिकाणी सोयीची. आमच्या घराला दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागत होत्या : सोयरिकीसाठी ताप आणि शेतीसाठी उपजत. चुलीपाशी एक चालली, कागदावर दुसरी. माझा कल आत्तीकडं आहे, कारण पणजीला मुलगा आधी बोलत होता हे सांगून स्वतःला काही मिळवायचं नव्हतं. तिच्या मुली केव्हाच नांदायला गेल्या होत्या.

कोर्टात गेलं असतं तर काय झालं असतं? नुसती बुद्धी मंद आहे, व्यवहार कळत नाही, एवढं न्यायालयांना पुरत नसे. वगळणाऱ्यानं दोष सिद्ध करावा आणि तोही कडक पुराव्यानं, असाच कल होता. पण कोर्टात जाणार कोण? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणं अशा माणसाला स्वतःच्या नावानं एकट्यानं दावा लावता येत नव्हता, त्याच्यासाठी ‘हितचिंतक’ म्हणून दुसरं कुणीतरी उभं राहावं लागे. आणि त्याचे हितचिंतक म्हणजे तेच दोघे भाऊ. मी त्यांना राक्षस ठरवत नाही. माझे आज्जा गावात सरळ माणूस म्हणून ओळखले जात. पण सही त्यांची आहे.

१९३१ हे साल दुसऱ्या एका कारणानंही पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत शिरगणती झाली. १८८१ पासूनच्या गणत्यांत वेडे, बहिरे-मुके, आंधळे आणि महारोगी असा व्यंगांचा रकाना असे; १९३१ ला तो शेवटचा भरला गेला. धाकट्या आज्जांसारख्यांसाठी वेगळं घर नव्हतं, लागलीच वर्णी तर वेड्यांत. १९१२ च्या वेड्यांच्या कायद्यानंही तेच केलं होतं. त्याच्या व्याख्येत मनोरुग्ण आणि जन्मजात मंद दोघंही एकाच शब्दात बसवले होते. विज्ञानेश्वरानं केलेला फरक शासनानं पुसला, तो कायद्यात परत यायला १९८७ उजाडलं. त्या वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानं मतिमंदत्व आपल्या व्याख्येतून स्पष्ट बाहेर काढलं. जनगणनेचं तर विचारूच नका. १९३१ नंतर ही माणसं मोजायला थेट २००१ लागलं. तेव्हा ‘मानसिक’ असा पुन्हा एकच रकाना होता. मनोरुग्ण आणि मतिमंद वेगळे मोजले गेले ते २०११ ला. त्या गणतीत देशभरात मतिमंद म्हणून सुमारे १५ लाख माणसांची नोंद झाली.

आपल्यापैकी पुष्कळांचे पाहुणे चोर्ला घाटाखाली आहेत, म्हणून गोव्याबद्दल दोन शब्द. तिथं १ जुलै १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू होती. हिंदूंच्या काही रूढींना १८८० च्या फर्मानानं सवलत होती, तरी पायाचा नियम असा, की मुलांचा ठरावीक वाटा बापाला मृत्युपत्रानंही काढून घेता येत नाही. मुलगा असो वा मुलगी, शहाणा असो वा मंद. मंद असेल तर न्यायालय त्याला व्यवहारास असमर्थ ठरवी, पालक नेमी, कुटुंबसभा बसे आणि वाटणीआधी मिळकतीची यादी न्यायालयासमोर करणं भाग पडे. हात बांधायचे, हिस्सा मात्र ठेवायचा. घाटावर उलटं : हिस्साच नाही, मग हात बांधण्याचा प्रश्न कुठून येतो! एकाच बोलीची, एकाच देवाची दोन घरं, मध्ये घाट. कागदावरची यादी आणि घरातली वागणूक यांत अंतर गोव्यातही असणारच. पण यादी असली की निदान बोट ठेवायला जागा असते.

आता धारवाडला जाऊ. बेळगावाहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. आमचा कागद झाला त्याच सुमारास डॉ. व्ही. व्ही. कामत तिथं शाळकरी मुलांना एकेक करून समोर बसवून प्रश्न विचारत होते. पॅरिसमध्ये १९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमापनाची जी कसोटी काढली ती मुळात शाळेत मागं पडणारी मुलं हुडकून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. अमेरिकेत टर्मन यांनी ती १९१६ मध्ये वाढवली. कामतांनी तिचं आपल्याकडच्या मुलांसाठी रूपांतर केलं, आणि केलं ते दोन भाषांत, कानडी आणि मराठी. नुसतं भाषांतर करून उपयोग नव्हता. कुठला प्रश्न इथल्या कितव्या वर्षाच्या मुलाला यायला हवा हे नव्यानं ठरवावं लागत होतं. हजाराहून जास्त मुलं तपासून त्यांनी ते बसवलं. १९३४ मध्ये त्यावरचा निबंध इंग्लंडच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, १९४० मध्ये पुस्तक निघालं. मुंबई-कर्नाटक आवृत्ती असं तिचं नाव. आज देशभरचे मानसशास्त्रज्ञ जिला ‘बिने-कामत’ म्हणतात ती हीच. मुलाचं मानसिक वय काढायचं, त्याला खऱ्या वयानं भागायचं, शंभरानं गुणायचं : बुद्ध्यांक. नव्वद वर्षं होत आली, इतर कसोट्या आल्या, नागपूरला माल्यन यांनी १९६९ मध्ये मुलांसाठी एक केली, तरी दाखल्यासाठी अजून बिने-कामत काढतात. आपल्या भागातून निघून देशभर गेलेल्या गोष्टींत आपण कुंदा मोजतो, मल्लिकार्जुन मन्सूर मोजतो. ही कसोटी कुणी मोजत नाही.

बेळगावकरांना १९५६ म्हटलं की १ नोव्हेंबर आठवतो. त्याच वर्षी १७ जूनला हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला, त्याचं २८ वं कलम कुणाला आठवत नाही. रोग, दोष किंवा व्यंग या कारणावरून कुणीही वारशाला अपात्र नाही, एवढंच ते म्हणतं. जन्माची अट गेली. १९२८ मध्ये लावलेलं दार अठ्ठावीस वर्षांनी उघडलं. धाकटे आज्जा तेव्हा हयात होते, म्हशी राखत होते. पण झालेल्या वाटण्या या कायद्यानं उकरल्या नाहीत. भात दहा मणच राहिलं.

हे सगळं मी आताच का उकरलं ते सांगतो. माझ्या चुलतभावाचा मुलगा मतिमंद आहे. भाऊ गेला. मधल्या घराची आणि आमची राहिलेली सामाईक जमीन गेल्या वर्षी वाटायला निघाली, तेव्हा बैठकीत एकजण सहज म्हणाला, “त्याचं नाव कशाला उताऱ्याला? पुढं विकायला अडचण. आपण काय त्याला उपाशी ठेवणार आहोत?” सगळ्यांनी माना हलवल्या. वाईट माणसं नव्हेत ती. पोराला प्रत्येक जत्रेला घेऊन जातात. पण मला एकदम ती नववी ओळ दिसली.

या मुलाचा दाखला काढतानाही एक गंमत, म्हणजे रडायची गंमत, झाली होती. एका केंद्रात त्याची बिने-कामत घेतली ती कानडीतून. पोरगं घरात मराठी बोलतं, शाळा मराठी, कानडी बाजारापुरतं. आईनं विचारलं तर उत्तर मिळालं, मराठीतून आमच्याकडं नाही. जी कसोटी पहिल्या दिवसापासून दोन्ही भाषांत आहे तिच्याबद्दल हे! दुसऱ्या ठिकाणी मराठीतून घेतल्यावर अंक वर गेला. फार नाही, पण गेला. दाखल्यावरचे टक्के ठरवताना आता रोजच्या जगण्यातली कुवतही मोजतात, माल्यन यांनीच बसवलेल्या दुसऱ्या एका मापानं. त्यात पोरानं बरी बाजी मारली. स्वतः जेवतं, बसचा नंबर ओळखतं, दूध घालून हिशेबाची वही घरी आणतं, वाचता आली नाही तरी.

अठरा पूर्ण झाल्यावर आई त्याची पालक झाली, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून. या कायद्यात पालकानं सहा महिन्यांत मिळकतीची यादी द्यायची असते आणि दरवर्षी हिशेब. घाटाखालची ती जुनी यादी मला तिथं आठवली. समितीसमोर मुलाला त्याचं नाव विचारलं, ते त्यानं आडनावासकट सांगितलं. मग विचारलं, तुझ्याकडं शेत आहे का? तो म्हणाला, “हाय. ओढ्याच्या पल्याड.” तेच शेत वाटणीत होतं.

पुढच्या बैठकीला मी १९३१ चा कागद घेऊन गेलो. बाळबोधात उतरवून आणला होता तो सावकाश वाचला, आत्तीनं सांगितलेलं सांगितलं. मधल्या घरच्या थोरल्यानं कागद मागून घेतला, चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून, तो वरचा शब्द बराच वेळ बघितला. त्याला मोडी येत नाही. “हाच काय तो?” एवढंच विचारलं. श्रावणात उताऱ्याला पोराचं नाव लागलं, पालक म्हणून आईचं.

वाचकांना विनंती : आपल्या घरात १९२८ च्या मागच्या-पुढच्या वीस-पंचवीस वर्षांतली वाटणीपत्रं असतील तर त्यांत ‘अन्नवस्त्र’, ‘निरंश’, ‘जड’, ‘भोळसर’, ‘वेडसर’ असे शब्द येतात का ते बघा, आणि त्यांच्या आगेमागे ‘उपजत’ किंवा ‘जन्मापासून’ आहे का. १९२८ च्या आधीच्या कागदांत ते नाही आणि नंतरच्यांत आहे असं दिसलं, तर माझ्या एका कागदावरचा अंदाज अंदाज राहणार नाही. उलट दिसलं तरी कळवा. आज्जांवरचा आरोप तेवढा हलका होईल. कागद मोडीत असेल तर फोटो काढून मंडळाकडं पाठवा, उजेड तिरपा ठेवा म्हणजे वरून घातलेली शाई वेगळी दिसते. नावं झाकून पाठवली तरी चालतील.